मुलाखत आणि कोल्हापूरचे प्रकरण

रंकाळ्याच्या काठाने सकाळी फिरावयास जाणाऱ्या मंडळींकडे अलीकडे जरा लक्ष देऊन पाहिले, तर एक गोष्ट सहज दृष्टीस पडते. पूर्वी ही मंडळी दोघे-चौघे मिळून चालत, आणि नगरपालिकेच्या गटारांपासून दिल्लीच्या तख्तापर्यंत सर्व विषयांचा समाचार घेत घेत संध्यामठापाशी येऊन टेकत. आता त्यांतील पुष्कळांच्या कानांत इअरफोन असतात व ती एकेकटी चालतात. ती गाणी ऐकत असतील अशी आमची समजूत होती. परंतु एक-दोघांस सहज विचारले, तेव्हा कळले की कोणी निवृत्त सनदी अधिकाऱ्याचे अनुभव ऐकत होता, कोणी एका नव्या चरित्रग्रंथाच्या लेखकाशी झालेला दीड तासाचा संवाद ऐकत होता, तर कोणी सहकारी साखर कारखान्यांच्या अर्थकारणावर चाललेला वाद ऐकत होता. यासच हल्ली 'पॉडकास्ट' म्हणतात. राजकारण, राज्यकारभार व विचारप्रधान ग्रंथ यांविषयी जाणत्या माणसांस प्रश्न विचारावे, त्यांची उत्तरे संपूर्ण ध्वनिमुद्रित करावी आणि ज्यास जेव्हा सवड मिळेल त्याने ती तेव्हा ऐकावी, असा हा प्रकार आहे.

हा शब्द फार जुना नाही. २००४ सालच्या फेब्रुवारीत बेन हॅमर्सली या लेखकाने लंडनच्या 'गार्डियन' पत्रात तो प्रथम सुचविला. खिशातील वादनयंत्राचे नाव व प्रक्षेपणवाचक इंग्रजी शब्दाचे शेपूट यांची ती जोडणी होती. वस्तू मात्र नावाच्या आधीच जन्मली होती. २००३ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेत ख्रिस्तोफर लायडन या जुन्या पत्रकाराने मुलाखतींची एक माला ध्वनिमुद्रित केली, व डेव्ह वायनर या संगणकतज्ज्ञाने ती ऐकणाऱ्याच्या यंत्रात आपोआप येऊन पडावी अशी योजना केली. पॉडकास्टांचा आरंभ पुष्कळ लोक येथून मानतात. तेव्हा ही विद्या पाळण्यात होती त्याच दिवशी तिच्या तोंडी सार्वजनिक प्रश्नांची चर्चा होती, असे म्हणावयास हरकत नाही.

ही नवी विद्या मराठीत कशी आली, किती रुजली, याचे वर्णन करण्याचा आमचा हेतू नाही. राज्यकर्त्यांस व जाणत्यांस चारचौघांसमक्ष प्रश्न विचारण्याच्या चालीचा आमच्या प्रांतातील इतिहास काय आहे, आणि त्या इतिहासात कोल्हापूरच्या वाट्यास जो एक कडू धडा आला तो आजच्या ऐकणाऱ्यांस कितपत उपयोगी आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'मुलाखत' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आमच्याकडे आला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत तो वारंवार भेटतो. परंतु तेथे त्याचा अर्थ दोन मातबरांची समक्ष भेट एवढाच आहे. वकील दरबारी गेला, सरदार सरदारास सामोरा गेला, बसण्याची जागा ठरली, विडे झाले, वस्त्रे झाली, ही मुलाखत. तीत काय बोलणे झाले हे ऐकण्याचा अधिकार रयतेस नव्हता. फार तर अखबारनवीस दोन ओळी लिहून आपल्या धन्याकडे रवाना करी. मुलाखत ही राजांची गोष्ट होती व बातमी ही धन्याची मालमत्ता होती. तोच शब्द पुढे वृत्तपत्रकाराने प्रश्न विचारून उत्तर छापण्यास लाविला गेला, हे लहानसहान स्थित्यंतर नव्हे. त्यात रयत प्रथमच त्या बैठकीत येऊन बसली.

पाश्चात्त्य देशांतही ही चाल अनादि नाही. १८५९ साली न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्राचे संपादक होरेस ग्रीली यांनी सॉल्ट लेक शहरी जाऊन मॉर्मन पंथाचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांस प्रश्न विचारले व प्रश्नोत्तरे जशीच्या तशी छापली. आधुनिक मुलाखतीचा हा एक पहिला नमुना समजतात. इंग्लंडात डब्ल्यू. टी. स्टेड यांनी १८८४ च्या जानेवारीत 'पॅल मॅल गॅझेट'साठी जनरल गॉर्डन यांची मुलाखत घेतली. तिने एवढा गवगवा झाला की गॉर्डन यांस सुदानात पाठवावे ही मागणी सरकारास टाळता येईना. गॉर्डन खार्टूमला गेले आणि पुढच्याच जानेवारीत तेथे मारले गेले. मुलाखतीत केवढे सामर्थ्य आहे व ते किती बेभान होऊ शकते, हे त्या एका वर्षात दिसून आले. आमच्याकडे १९०७ च्या सुमारास नेव्हिन्सन हा इंग्रज पत्रकार हिंदुस्थानभर फिरला, टिळकांस भेटला आणि १९०८ साली त्याने आपल्या प्रवासाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. टिळकांस प्रश्न विचारणारा हा इसम परका होता. परंतु टिळकांनी स्वतः छापखान्यात बसून दुसऱ्या एका कारभाऱ्यास प्रश्न विचारावे, व त्यापायी तुरुंगात जावे, ही गोष्ट त्यापूर्वी पंचवीस वर्षे घडून गेली होती. तिचे स्थळ कोल्हापूर.

कोल्हापूर हे त्या काळी अगदीच अंधारातले संस्थान नव्हते. आजचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० साली स्थापन झाले, म्हणजे मुंबई विश्वविद्यालयाच्याही आधी सात वर्षे. येथे वर्तमानपत्रे वाचली जात व इंग्रजी शिकलेली पिढी तयार होत होती. दरबारातही नव्या विद्येचा वारा शिरला होता. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेस गेले. परत येताना त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरला इटलीतील फ्लॉरेन्स शहरी वयाच्या विसाव्या वर्षी त्यांस मृत्यूने गाठले. या प्रवासाची इंग्रजी रोजनिशी त्यांनी ठेविली होती. ती कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ साली लंडनास प्रसिद्ध केली. राजाने स्वतः पाहिले, स्वतः लिहिले व ते लोकांनी वाचले, अशी ही दुर्मिळ गोष्ट होती. महाराजांस पुत्र नव्हता. म्हणून १८७१ साली नारायणराव भोसले या आठ वर्षांच्या बालकास दत्तक घेऊन चौथे शिवाजी या नावाने गादीवर बसविण्यात आले.

या मुलाची कहाणी करुण आहे. राजाराम महाराज आपल्या रोजनिशीतून बोलले. शिवाजी महाराजांच्या बाबतीत मात्र बोलणारे सर्व इतर होते. महाराजांचे चित्त ठिकाणावर नाही असे सरकारी अधिकारी म्हणू लागले. देखरेखीसाठी गोरे इसम नेमण्यात आले. उलट, मुलगा चांगला शहाणा असून त्यास छळाने वेडा ठरविण्यात येत आहे, अशी बोलवा पुण्यापर्यंत पोचली. या सर्वांत कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा लोकांचा ग्रह झाला. संस्थानात याविषयी मोकळेपणाने विचारण्याची सोय नव्हती. ती पुण्यात होती.

पुण्यात १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' व 'मराठा' ही दोन पत्रे नुकतीच निघाली होती. 'केसरी' आगरकर पाहत, 'मराठा' टिळक पाहत. दोघेही पंचविशीच्या उंबरठ्यावरचे तरुण. छत्रपतींच्या गादीवरील अठरा वर्षांच्या मुलाचे हाल होत आहेत, ही कल्पनाच त्यांस असह्य झाली, आणि त्यांनी लेखणी उचलली. एवढ्यात बर्व्यांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या काही पत्रांचे कागद बाहेर आले. ती खरी असती तर कारभाऱ्याचे कारस्थान उघडउघड सिद्ध झाले असते. पुण्याच्या 'ज्ञानप्रकाशा'प्रमाणे 'केसरी-मराठ्या'नेही त्यांच्या आधारे कठोर लेखन केले. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद लाविली. खटला मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला, व तेथे पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले.

या वेळी या दोन तरुणांवर जे संकट कोसळले त्याची कल्पना करणे आज कठीण आहे. ज्यांच्या छत्राखाली हा उद्योग सुरू झाला ते विष्णुशास्त्री चिपळूणकर खटला चालू असतानाच १७ मार्च १८८२ रोजी वारले. आधाराचा कागद खोटा ठरताच दोघांनी बर्व्यांची माफी मागितली. परंतु खटला थांबला नाही. १७ जुलै १८८२ रोजी प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. शिक्षेतील काही दिवस माफ होऊन २६ ऑक्टोबरला ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. या एकशे एक दिवसांची हकीकत आगरकरांनी पुस्तकरूपाने लिहून ठेविली आहे. कोठडीत दोघांचे वाद रात्री एवढे रंगत की पहारेकऱ्यास दटावणी द्यावी लागे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तो महाराष्ट्रातील एक अत्यंत मोलाचा संवाद होता, आणि तो कोणी ध्वनिमुद्रित केला नाही. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे आगरकरांनी केलेले 'विकारविलसित' हे रूपांतर पुढल्याच वर्षी प्रसिद्ध झाले. वेडा की वेडाचे सोंग घेतलेला, हे कोणास कळू नये अशा राजपुत्राची ती कथा. कोल्हापूरच्या राजपुत्रावरून तुरुंगात गेलेल्या माणसाने ती मराठीत आणावी, या योगायोगावर टीका करण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या दोघांच्या जामिनाची अडचण पडली तेव्हा जोतीराव फुले यांच्या स्नेह्यांपैकी रामशेठ उरवणे पुढे आले. फुल्यांच्या व चिपळूणकरांच्या मंडळींत केवढे वितुष्ट होते हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. तरीही प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद होऊ नये, एवढ्यापुरते मतभेद बाजूस ठेवता येतात, हे त्या पिढीने दाखवून दिले. ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्याही बोलण्याच्या हक्कासाठी खिशात हात घालणे, ही सार्वजनिक सभ्यतेची खरी कसोटी होय.

आता या प्रकरणाचा निवाडा आपण आपल्या मनाशी कसा करावा? एक पक्ष म्हणेल की उद्देश थोर होता, फसविणारे दुसरे होते, सबब संपादक निर्दोष. दुसरा म्हणेल की कागद न पारखता एका गृहस्थाची अब्रू चव्हाट्यावर आणली, सबब शिक्षा योग्य. आमच्या मते दोन्ही पक्षांत निम्मे निम्मे सत्य आहे. प्रश्न रास्त होता, हे पुढील घटनांनीच सिद्ध केले. चौथ्या शिवाजी महाराजांस अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले, व तेथे २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वीस वर्षांचा छत्रपती एका पहारेकऱ्याच्या हाताखाली मरतो, यावरून त्या मुलाविषयी काळजी वाहणारे खुळे नव्हते एवढे निश्चित दिसते. परंतु प्रश्न रास्त असला म्हणजे हाती आलेला पुरावाही रास्त असतो, असे नाही. किंबहुना प्रश्न जितका रास्त, तितका मनुष्य खोट्या पुराव्यास लवकर भुलतो. आपणांस जे खरे असावेसे वाटते, तेच कोणी कागदावर लिहून आणून दिले तर तो कागद उलटून पाहण्याचे भान राहत नाही. आणि खोटा कागद उघडकीस आला म्हणजे रास्त प्रश्नही त्याच्याबरोबर बुडतो. पत्रे बनावट ठरली त्या दिवशी बर्वे सुटले एवढेच नव्हे. महाराजांच्या प्रकृतीची चौकशी मागणाऱ्यांचा आवाजही खाली बसला. कोल्हापूरच्या प्रकरणातील खरे नुकसान आमच्या मते हे होय, व ते त्या दोन संपादकांपेक्षा त्या मुलास अधिक भोवले.

पुढे १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक आले. १८९४ साली त्यांनी राज्याधिकार हाती घेतला. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही. पण आमच्या विषयापुरती एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. या राजाने आपले निर्णय गुप्त खलबतांत न ठेविता छापून जाहीर केले. मागास वर्गांसाठी शेकडा पन्नास जागा राखून ठेवण्याचा १९०२ सालचा प्रसिद्ध हुकूम महाराज विलायतेत असता करवीर सरकारच्या गॅझेटात २६ जुलै रोजी छापला गेला. हुकूम छापला की त्यावर बोलता येते, त्याची कारणे विचारता येतात. दुसरी गोष्ट गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानाची. सार्वजनिक पाण्यास शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या या माणसास महाराजांनी हॉटेल काढून दिले, आणि ते स्वतः तेथे थांबून सोबतच्या उच्चवर्णीय अधिकाऱ्यांसह चहा घेत. भाऊसिंगजी रस्त्यावरील ते दुकान म्हणजे एका परीने मुलाखतीचीच जागा होती. दरबारी रिवाजातील नजराणा, बैठक, विडा यांच्या जागी एक कप चहा आला, व राजाने काय बोलावे याबरोबर कोणाच्या शेजारी बसून बोलावे हाही प्रश्न सुटला. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत आंबेडकरांच्या नेतृत्वाचा पुरस्कार त्यांनी हजारोंच्या समक्ष केला. त्यापूर्वी दोनच महिने, ३१ जानेवारीस, 'मूकनायक' निघाले होते, व त्यास महाराजांचे साहाय्य होते. ज्यांस कोणी कधी काही विचारले नव्हते, त्यांनी स्वतःच बोलण्यासाठी काढलेले ते पत्र होते. त्याच्या नावातच सर्व सांगून टाकले आहे.

तथापि चांगला राजा हा चांगल्या व्यवस्थेचा पर्याय होऊ शकत नाही. शाहू महाराज १९२२ च्या ६ मे रोजी निवर्तले, आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरविणाऱ्या लेखनास बंदी घालणारा कायदा केला. विधिमंडळाने तो दाखल करून घेण्यासच नकार दिला असता व्हाइसरॉयांनी स्वतःच्या विशेष अधिकाराने तो अमलात आणला. म्हणजे १८८२ साली पुण्याहून कोल्हापुरास जे प्रश्न विचारता आले, ते विचारणे चाळीस वर्षांनी अधिकच धोक्याचे झाले! अशाही स्थितीत खंडेराव बागलांनी कोल्हापुरात 'हंटर' पत्र चालविले. त्यांचे चिरंजीव माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आदी मंडळींनी १९३९ साली प्रजापरिषद उभारली. त्याच वर्षी ग. गो. जाधव यांचा 'पुढारी' दैनिक झाला. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि रयतेस प्रश्न विचारण्याचा हक्क, निदान कागदावर तरी, निर्विवाद मिळाला.

परंतु कागदावर मिळाला तसा ध्वनीवर मिळाला नाही. मुंबईस नभोवाणीचे प्रक्षेपण १९२७ च्या जुलैत सुरू झाले. पुणे केंद्र १९५३ साली निघाले; कोल्हापूरच्या घरोघरी ज्याचा आवाज ओळखीचा झाला ते सांगली केंद्र १९६३ साली. या केंद्रांनी शेती, संगीत व साहित्य यांची जी सेवा केली तीबद्दल कृतघ्न होणे आम्हांस शोभणार नाही. पण मंत्र्यास अडचणीचा प्रश्न विचारण्याचे काम सरकारी खात्याकडून व्हावे, ही अपेक्षाच चुकीची होती. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, ध्वनिलहरी ही लोकांची मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. तो देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे महाराष्ट्रीय होते. त्यानंतर खाजगी एफ. एम. केंद्रे निघाली खरी, पण त्यांस स्वतःची बातमीपत्रे देण्याची मोकळीक मिळाली नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकविण्यापुरतीच परवानगी मिळाली. म्हणून त्यांनी गाणी लाविली. राजकारणावरील संवाद केवळ कानाने ऐकण्याची भूक पाऊणशे वर्षे तशीच राहिली, आणि आंतरजालावर ध्वनी व चित्र पाठविण्याची सोय होताच ती एकदम तृप्तीच्या मागे धावली. पॉडकास्टांची लोकप्रियता हा नुसत्या यंत्राचा चमत्कार मानणे बरोबर नाही; तो एका दीर्घ उपवासाचा परिणाम आहे.

मराठीतही आता असे संवाद पुष्कळ होतात. विनायक पाचलग यांच्या 'थिंक बँक'सारख्या वाहिनीवर राजकारण, अर्थकारण, प्रशासन व नवे ग्रंथ यांवरील दीर्घ मुलाखती नित्य ऐकावयास मिळतात. दूरचित्रवाणीवर 'माझा कट्टा'सारखे कार्यक्रम त्यापूर्वीपासून चालत आले आहेत. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी पुण्यात शरद पवार यांची मुलाखत राज ठाकरे यांनी घेतली, तेव्हा एका पक्षाच्या नेत्याने दुसऱ्या पक्षाच्या नेत्यास प्रश्न विचारताना ऐकावयास अफाट समुदाय लोटला. तो प्रसंग रंजक होता यात शंका नाही. पण राजकारणी राजकारण्यास विचारतो तेव्हा ती जुन्या अर्थाची मुलाखत होते, म्हणजे दोन सरदारांची भेट. रयत तेथे प्रेक्षक म्हणून असते. तिच्या वतीने विचारणारा निराळा हवा.

तो कसा असावा याचा एक नमुना अमेरिकेत सापडतो. तेथे सी-स्पॅन नावाची, विधिमंडळाचे कामकाज दाखविणारी संस्था १९७९ साली निघाली. तिचे संस्थापक ब्रायन लॅम्ब यांनी १९८९ पासून २००४ पर्यंत 'बुकनोट्स' नावाची माला चालविली. दर आठवड्यास एक विचारप्रधान ग्रंथ, एक लेखक, एक तास. त्यांनी आठशे लेखकांच्या मुलाखती घेतल्या व एका लेखकास पुन्हा बोलाविले नाही. लॅम्ब यांचे वैशिष्ट्य असे की ते पुस्तक पूर्ण वाचून येत, आणि प्रश्न मात्र अगदी साधे व आखूड विचारीत. स्वतःचे पांडित्य दाखवीत नसत, स्वतःचे मत सांगत नसत. वाचून न वाचल्यासारखे विचारणे ही मोठी कठीण विद्या आहे. आमच्याकडे बहुधा उलट होते. प्रश्न पाच मिनिटांचा, उत्तर एका मिनिटाचे, आणि पुस्तकाची पाने जोडलेलीच!

येथे आम्हांस वाचकांचे लक्ष एका गंभीर गोष्टीकडे वेधावयाचे आहे. सार्वजनिक विषयावर बोलणे हा निव्वळ करमणुकीचा धंदा नाही, हे कोल्हापूरने आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा एकदा अनुभविले. गोविंद पानसरे यांनी 'शिवाजी कोण होता?' हे लहानसे पुस्तक १९८८ साली प्रसिद्ध केले. त्याचे मूळ व्याख्यानात होते. जे बोलले गेले ते छापले गेले, व त्याच्या प्रती लाखावर खपल्या. समोर बसलेल्या साध्या माणसास जणू प्रश्न विचारीत विचारीत ते लिहिले आहे. पुस्तकातील मते कोणास पटोत वा न पटोत; त्यास उत्तर देण्याचा मार्ग दुसरे पुस्तक लिहिणे हा होता. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून घरी परतत असता त्यांच्यावर व त्यांच्या पत्नीवर गोळ्या झाडण्यात आल्या, आणि २० तारखेस मुंबईत त्यांचे निधन झाले. या शहराच्या इतिहासात एका टोकास तुरुंग आहे व दुसऱ्या टोकास गोळी. मध्ये जे बोलणे चालले आहे, आपण सकाळी फिरताना जे फुकट ऐकतो, त्याची किंमत कोणीतरी मोजून ठेविली आहे.

म्हणून ऐकणाऱ्यावरही काही जबाबदारी येते. १८८२ साली खोटी पत्रे तयार करण्यास कोणास तरी मजकूर रचावा लागला, अक्षर जुळवावे लागले. आज संगणकाच्या साह्याने कोणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल होते. न बोललेले वाक्य त्याच्या तोंडून वदविता येते. आणि नक्कल करण्याचीही गरज नसते. दोन तासांच्या संवादातून अर्ध्या मिनिटाचे वाक्य कापून घेतले, त्याचा मागचा-पुढचा संदर्भ टाकला, की खऱ्या आवाजाचे खोटे पत्र तयार होते. ते सायंकाळपर्यंत सगळ्या तालुक्यांत फिरते. बर्व्यांच्या नावाची पत्रे निदान न्यायालयात तपासली तरी गेली; या तुकड्यांची तपासणी कोण करणार? अब्रूनुकसानीचा फौजदारी कायदा तेव्हा होता तसाच आजही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली तो वैध ठरविला, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेतही तो कायम राहिला. परंतु कायद्याने बळी पडतो तो बहुधा नाव घेऊन बोलणारा. कापलेला तुकडा पुढे ढकलणाऱ्या हजारोंचे कोणी नाव विचारीत नाही. ते हजारो म्हणजे तुम्ही-आम्हीच होत.

याचा अर्थ ऐकू नये असा मुळीच नाही. आमच्या लहानपणी घरात एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे व बाकीच्यांनी ऐकावे अशी रीत होती. ऐकता ऐकता वाद होत, आणि त्या वादातच आम्हांस राजकारण म्हणजे काय हे प्रथम समजले. कानांत इअरफोन घालून एकट्याने ऐकण्यात ही गोष्ट हरवते. एखादा चांगला संवाद घरातील सर्वांनी मिळून ऐकावा, आणि तो संपल्यावर तीनच गोष्टी एकमेकांस विचाराव्या. बोलणाऱ्याने ज्या कागदाचा आधार सांगितला तो विचारणाऱ्याने स्वतः पाहिला होता काय? ज्याच्याविषयी बोलणे झाले त्यास बोलण्याची संधी मिळाली होती काय? आणि ज्या पुस्तकाविषयी तासभर ऐकले ते आपण वाचणार आहोत काय?

या तीन प्रश्नांपैकी पहिला १८८१ साली विचारला गेला असता तर दोन तरुण डोंगरीस गेले नसते. दुसरा विचारला गेला असता तर बर्व्यांची बाजू खटल्याच्या आधीच लोकांसमोर आली असती, आणि त्या मुलास काय म्हणावयाचे आहे हेही कदाचित कोणी तरी ऐकून घेतले असते. तिसऱ्याचे उत्तर आपल्या हाती आहे. ज्या ग्रंथालयाने संस्थानी अमदानी, तुरुंग, विलीनीकरण व गोळी हे सर्व पाहिले, ते करवीर नगर वाचन मंदिर अजून उघडे आहे. सकाळचे फिरणे आटोपले, संवाद ऐकून झाला, की परतताना वाट थोडी वाकडी करून तेथवर जावे. आणि जे ऐकले ते त्या पुस्तकात खरोखर लिहिले आहे काय, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.